उघाडी

आचऱ्याच्या खाडीला जो मातीचा बांध आहे
त्याची उघाडी धाकू मुणगेकर बघतो.
तीन फळ्यांचं दार. ओहोटीला उघडतं,
भरतीला आपसूक मिटतं.
पगार नाही. पंचायतीच्या वहीत नावही नाही.
आधी त्याचा चुलता बघायचा,
चुलत्याच्या आधी कोण,
ते चौकटीवरच्या खाचांना ठाऊक.

माझ्याकडे कर्नेलमधल्या एका चिपचा ड्रायव्हर.
साडेसहाशे ओळी.
ज्याने लिहिला तो दोन हजार नऊनंतर
कुठे गेला, कुणालाच माहीत नाही.
त्याची एक टीप अजून आहे, ओळ दोनशे बारा:
'इथे का थांबावं लागतं ते कळलं नाही. पण थांबा.'
मी थांबते.
एकदा काढून पाहिली होती ती ओळ.

मंगळवारी चिलीहून पत्र आलं, इसिदोरा म्हणून कुणी.
बेकरीतला वजनकाटा नव्या आवृत्तीवर गोठतो,
वीज जाऊन आली की.
'पीठ अंदाजाने घेतेय,' तिने लिहिलं होतं, 'घाई नाही.'
घाई नाही म्हणणाऱ्याचं काम आधी करावं लागतं.

चालत होतं तिथपासून अडकलं तिथपर्यंत
आठ हजार बदल, जगभरच्या हातांचे.
निम्म्यावर जायचं, बांधून बघायचं.
चालतंय? मग पुढचं निम्मं.
अडकतंय? मागचं.
असं तेरा वेळा.
माझी मशीन म्हातारी, एका खेपेला पाऊण तास.
सातव्या खेपेला आचऱ्यातली लाइट गेली,
आली,
आणि टेबलावरचा बोर्ड गोठला, हुबेहूब तसाच.
लाइट गेल्याचा आनंद
मला आयुष्यात पहिल्यांदा झाला.

पहाटे तीनला धाकू बॅटरी घेऊन बांधावर निघालेला.
'निजूक नाय गो?'
म्हटलं, गळती शोधतेय.
'कुर्लीचा बीळ आसतला,' तो न थांबताच म्हणाला.
'मध्यार उभी रव. खंयच्या अंगाक पाणी गढूळ ता बघ.
मगे थंयच्या मध्यार.'
कॉलेजात याला एक अख्खा तास होता,
फळा भरून आकृत्या.

तेराव्या खेपेला नाव आलं.
माझं.
गेल्या चतुर्थीच्या सुट्टीत पाठवलेला बदल,
शीर्षक: 'किरकोळ साफसफाई.'
कुलूप घालून आत शिरायचं,
आत काही बिनसलं तर मागल्या दाराने निघायचं,
इतकं मी नीटनेटकं लिहिलं होतं.
फक्त मागल्या दाराने निघताना
कुलूप काढायचं राहिलं.
तिघांनी तपासलं होतं. तिघांनाही नीटनेटकं वाटलं.

दुरुस्ती एका ओळीची.
तिच्याखालचा मजकूर लिहायला दोन तास.
काय बिघडलं, कधी, कुणाला त्रास झाला.
कुणाच्या बदलाने: इथे त्या बदलाचा लांब आकडा,
जो मी तीनदा पडताळून लिहिला,
जणू एखादं अक्षर चुकलं तर दुसऱ्याचा निघेल.
कळवलं: इसिदोरा.
चालवून पाहिलं: इसिदोरा.
सही: मी.

शुक्रवारी वरून उत्तर आलं. 'घेतला.'
एवढंच.

संध्याकाळी उघाडीपाशी गेले.
धाकू गुडघाभर रेंद्यात, मधली फळी काढून बसलेला,
आतून किड्याने जाळी केलेली, बाहेरून ठणठणीत.
म्हटलं, ते बीळ माझंच निघालं.
तो बराच वेळ तासणी चालवत राहिला.
मग म्हणाला, 'सत्त्याण्णवात ही फळी
मियां उलटी बसयलंय.
अख्खो मळो खारो झालो.
कोणाक सांगूक नाय.'
पुन्हा तासणी.
'बॅटरीचे सेल आसत काय गो घरात?'

दोन होते, दिले.
त्यातला एक निम्मा उतरलेला होता.
तेही सांगितलं.